दुसऱ्याचा तो बाब्या

खान्देशातल्या सुखवस्तू घरांतून हल्ली एक मत वरचेवर ऐकू येतं आणि ते ज्या थाटात मांडलं जातं त्या थाटाची मला चीड आहे. आठ-दहा जणांचा गट करून स्कॉटलंडच्या बेटांवर जायचं, तिथल्या भट्ट्या बघायच्या, व्हिस्की चाखायची, समुद्रातली ताजी कालवं खायची, हा म्हणे रसिकतेचा कळस. आणि आपल्याकडे? ऊन, धूळ, केळी, वांगी आणि हातभट्टी. अशा सहलीवरून परतलेले कुणी डॉक्टर असतात, कुणी सराफ, कुणी पाइपांचे डीलर. टेबलावर विमानतळावरून आणलेली बाटली, मोबाइलवर धुक्यातले फोटो आणि तोंडी एकच पालुपद : "तिकडचा माणूस दारू पीत नाही हो, अनुभवतो!" बसलेले सगळे माना डोलावतात. मग कुणीतरी उसासा टाकतं, "आपल्याकडे बाहेरचा पाहुणा आला तर त्याला न्यायचं कुठं? अजिंठा दाखवायचा आणि गाडीत बसवून द्यायचं." आणि अजिंठासुद्धा पुन्हा शेजारच्या जिल्ह्यातला!

या मंडळींचं म्हणणं त्यांच्या बाजूनं पुरतं मांडतो, नाही तर विपर्यास केला म्हणतील. त्यांचं म्हणणं असं की, स्कॉच ही दोन-तीनशे वर्षांची कायदेशीर, शुद्ध, मातीशी नातं सांगणारी परंपरा आहे. मोहाची दारू म्हणजे जंगलात चोरून गाळलेलं विष. तिकडचं खाणं निगुतीचं. आपलं म्हणजे तेल, तिखट आणि ठसका. तिकडे निसर्ग, इकडे एप्रिलात पंचेचाळीस डिग्री. आणि एवढ्यावरही कुणी ऐकलं नाही, तर शेवटचा हुकमी पत्ता निघतो : ज्या सातपुड्यात दारूनं संसार धुळीला मिळवले, तिथं दारूची सहल? लाज नाही वाटत?

इतिहासापासून सुरुवात करू, कारण तोरा त्याचाच जास्त मिरवला जातो. बेटाचं नाव आयला. (उच्चार असाच आहे, त्याला माझा इलाज नाही.) लफ्रॉइग, आर्डबेग, लागावूलिन, बोमोर ही ज्या नावांची जपमाळ आमच्या मित्रमंडळींच्या ओठांवर असते, ती सगळी या एका बेटावरची. आता प्रश्न असा की १८२३ पूर्वी स्कॉटलंडच्या डोंगरांत आणि बेटांवर जी व्हिस्की गाळली जाई तिला काय म्हणायचं? सरकारी कर न भरता, दऱ्याखोऱ्यांत आणि गुहांत भट्टी लपवून, अबकारी शिपायांची चाहूल लागली की भांडी उचलून पळत काढलेली दारू. आपल्या पोलिसांच्या भाषेत तिला एकच नाव आहे आणि ते तुम्हांला चांगलं ठाऊक आहे. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा त्यानं मागितली ती ग्लेनलिव्हेट, म्हणजे त्या काळची बेकायदा दारू, असं सांगतात. ज्याच्या नावानं कर वसूल होई तोच हातभट्टीचा शौकीन! दुसऱ्याच वर्षी कायदा बदलला, कर उतरवला, दहा पौंडांत परवाना मिळू लागला. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं परवाना घेतला, तर शेजारचे चोरभट्टीवाले त्याची भट्टी जाळायला उठले आणि बिचाऱ्याला कमरेला पिस्तुलं लावून हिंडावं लागलं. आज त्याच ग्लेनलिव्हेटच्या बाटलीवर आपण "परंपरा" म्हणून बोट ठेवतो.

आणि आपल्याकडे काय झालं? खान्देश १८१८ मध्ये कंपनी सरकारच्या हाती गेला. सातपुड्यातला भिल्ल, पावरा, तडवी तेव्हा घरची गरज घरी भागवत होता. मोह दारात, चूल घरात. मग १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. घरची भट्टी गुन्हा ठरली आणि दारू गाळायचा व विकायचा हक्क पैसे भरणाऱ्या मक्तेदारांकडे गेला. १८९२ मध्ये तर ठाणे-कुलाब्याकडे मोहफुलांच्याच साठवणुकीवर बंधनं घालणारा वेगळा कायदा आणावा लागला. म्हणजे एकाच साम्राज्यानं पन्नास-पंचावन्न वर्षांच्या अंतरानं स्वतःच्या डोंगरातल्या चोराला कारखानदार केलं आणि आमच्या डोंगरातल्या गृहस्थाला चोर. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं तीच चौकट पुढे चालवली. आणि आता दीडशे वर्षांनी जळगावचा माणूस तोंड वर करून विचारतो की, मोहाला परंपरा कुठं आहे? परंपरा होती. फौजदारी लावून ती बंद पाडली. ज्यांनी बंद पाडली त्यांच्याच देशात जाऊन तुम्ही त्यांच्या परंपरेला सलाम ठोकून आलात.

आता शुद्धतेचं बघू. दलदलीत हजारो वर्षं साचून कुजलेल्या झाडपाल्याचा थर म्हणजे पीट. तो विटांसारखा कापून वाळवतात, त्याच्या धुरावर भिजवून मोड काढलेले जव सुकवतात, आणि तो धूर पुढं व्हिस्कीत उतरतो. लफ्रॉइगचा वास खुद्द तिचे भक्तसुद्धा दवाखाना, आयोडीन, डांबर, समुद्रशेवाळ अशा शब्दांत वर्णन करतात. हा दोष नव्हे, ही खासियत, असं ते म्हणतात आणि मी ते मान्य करतो. पण मग धुळ्याच्या एखाद्या धाब्यावर ग्लासाला टिंक्चरचा वास आला असता तर याच रसिकांनी मालकाची कॉलर धरली असती की त्याला गुण दिले असते?

मोहाचं तंत्र तरी काय निराळं आहे? फाल्गुन-चैत्रात पहाटे फुलं टपटप गळतात, पिवळसर पांढरी, गरदार, चिकट, गोड. बाया-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फुलं अंगणात वाळवतात, दाण्यासारखी तांबूस झाली की साठवतात, लागतील तेव्हा पाण्यात भिजत घालून आंबवतात. मग चुलीवर मडकं, त्यावर थंड पाण्याचं भांडं, वाफ थंड होऊन नळीवाटे थेंब थेंब बाहेर. जाणती बाई दोन थेंब विस्तवावर टाकून ज्योत बघते आणि धार कुठं थांबवायची ते ठरवते. आयलावर तांब्याच्या चकचकीत भट्टीपाशी उभा राहून गणवेशातला माणूस हेच सांगतो : आधीची धार बाजूला, शेवटची धार बाजूला, मधली ठेवायची. तो सांगतो तेव्हा तुम्ही वहीत टिपून घेता. बाई सांगेल तेव्हा तुम्ही नाकाला रुमाल लावता. ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरवल्याशिवाय स्कॉच म्हणता येत नाही, हा फरक खरा. पण पिंप घ्यायला भांडवल लागतं आणि भट्टी कायदेशीर असावी लागते. लपवून ठेवलेलं मडकं तीन वर्षं मुरवायचं कुठं, पोलीस पाटलाच्या ओसरीवर?

राहिलं विष. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली ती कारखान्यांत वापरायच्या मिथेनॉलनं. तिथं मोहाचं फूलही नव्हतं. गूळ, नवसागर आणि मिळेल ते रसायन घालून जे काही गाळलं जातं ते विषच आहे, ते मोडून काढलंच पाहिजे. पण ते मोहाच्या खात्यावर मांडायचं कारण काय? आणि शुद्धतेची इतकी चाड असेल तर आपल्या रोजच्या "व्हिस्की"कडे बघा. देशात व्हिस्की म्हणून खपणारा मोठा भाग साखर कारखान्यातल्या मळीच्या स्पिरिटवर उभा असतो. युरोपात त्याला व्हिस्की म्हणायचीही परवानगी नाही. उसाच्या मळीला रंग-वास लावून इंग्रजी नाव दिलं की ती प्रतिष्ठित, आणि फुलापासून थेट काढली की गावठी!

खाण्याची तुलना तर मी आनंदानं करीन. सहलीच्या फोटोंत एक काळपट चकती हमखास असते, स्टॉर्नोवेचं ब्लॅक पुडिंग. जनावराचं रक्त, चरबी आणि ओट घालून केलेलं. २०१३ मध्ये युरोपीय संघानं त्याच्या नावाला संरक्षण दिलं. आमच्या स्नेह्यांनी ते डोळे मिटून, मान हलवत खाल्लं. ठीक. या मंडळींपैकी किती जणांनी गावच्या खाटकाकडून आलेली, कांद्यावर परतलेली रक्ती आयुष्यात एकदा तरी ताटात घेतली असेल? विचारून बघा, घरातून उठून जातील.

आणि जळगावचं भरीत? यावल तालुक्यातल्या बामणोदकडची ती मोठी, हिरवट-पांढरी, कमी बियांची वांगी. २०१६ मध्ये भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही मिळालं. थंडी पडली की वावरात कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करतात आणि त्यात वांगी सोडतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही आणि येणारही नाही. काडी भुरकन पेटते, भुरकन विझते, त्यामुळे भाजणाऱ्याला जागचं हलता येत नाही. वांगं फिरवत राहावं लागतं, साल करपून सुटलं पाहिजे आणि आतला गर पांढरा राहिला पाहिजे. मग साल काढायचं, देठ धरून गर लाकडी भांड्यात घ्यायचा आणि भाजलेली हिरवी मिरची, लसूण घालून लाकडी दांड्यानं ठेचायचा. मिक्सरला घातला तर लगदा होतो. ठेचला तर रेषा राहतात. वरून तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. मला सांगा, कुजलेल्या झाडपाल्याचा धूर जवाला लागला तर ती कला आणि कपाशीच्या काडीचा धूर वांग्याला लागला तर ती मजुराची न्याहारी, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? बेटावर गाइड "धुराची पातळी" समजावून सांगतो तेव्हा तुम्ही शहाण्यासारखी मान हलवता. बामणोदच्या शेतकऱ्याला तुम्ही आजवर एक प्रश्न तरी विचारलात का, की बाबा, तूरकाठी घेतली तर काय बिघडतं?

खापरावरच्या मांड्यांबद्दल तर बोलायलाच नको. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत धोतराच्या पानासारखी पातळ करायची आणि उपड्या खापरावर अलगद सोडायची, ही करामत करणाऱ्या बाया जळगावात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत मजुरीवर घरोघर जातात. परदेशी माणसानं तो एक मांडा पडताना पाहिला तर तो फोन खाली ठेवणार नाही. तिखटाचा आक्षेप मी दोन वाक्यांत निकालात काढतो. काळा मसाला जाळून-भाजून करायचा असतो, तोंड जाळायला नव्हे. ज्या हॉटेलात शेवभाजीवर बोटभर लाल तवंग असतो ती खान्देशाची पाककला नाही, हायवेची आहे.

"पण इतक्या लांब, इतक्या गैरसोयीत येणार कोण?" हा पुढचा सवाल. मला हसू आवरत नाही. आयलाला जायचं तर मुंबईहून विमान, पुन्हा दुसरं विमान, ग्लासगोहून अडीच-तीन तास गाडी, केनाक्रेगहून दोन-सव्वादोन तासांची बोट, आणि वारा सुटला की ती बोटही रद्द. बेटाची वस्ती तीन-साडेतीन हजार. आपल्या एकट्या रावेर तालुक्यात तीन लाखांवर माणसं आहेत. शेजारच्या जुरा बेटावर तर दोनेकशे माणसं, एक रस्ता, एक भट्टी आणि हजारो हरणं. जॉर्ज ऑर्वेलनं त्याची शेवटची कादंबरी तिथं लिहिली, कारण तिथं कुणी त्रास द्यायला येत नसे. अशा ठिकाणी तुम्ही पाऊस झेलत, दात वाजवत गेलात आणि त्याला "अनुभव" म्हणालात. इकडे भुसावळ म्हणजे देशातल्या मोठ्या जंक्शनांपैकी एक, धुळं आग्रा रस्त्यावर, आणि तरी पुण्याचा माणूस खान्देश "आडबाजूला" म्हणतो; दुःख त्याचं नाही, आपण त्याला दुजोरा देतो याचं आहे. आणि उन्हाबद्दल म्हणाल तर मोह पहाटे वेचतात, भरीत थंडीत खातात. दुपारी बारा वाजता लळिंगचा किल्ला चढायला कुणी सांगितलंय?

एका स्नेह्यांनी लफ्रॉइगचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं आहे. गिऱ्हाइकाच्या नावे बेटावरची एक चौरस फूट जमीन, आणि कधी आलात तर वर्षाचं भाडं म्हणून एक घोट व्हिस्की, अशी ती गमतीदार योजना आहे. मालकांच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे. पण याच गृहस्थांचं वडिलोपार्जित वावर तापीकाठी बटाईनं दिलेलं आहे आणि त्या बांधावर ते कित्येक वर्षांत फिरकलेले नाहीत. दलदलीतल्या एका फुटाचा अभिमान भिंतीवर, काळ्या मातीच्या दहा एकरांची आठवण सातबारा काढायच्या वेळी.

आता तो शेवटचा पत्ता. दारूनं सातपुड्यातले संसार बुडवले, हे खरं आहे आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. १९२२-२३ ची देवीची चळवळ दक्षिण गुजरातेतून पश्चिम खान्देशातल्या आदिवासींत पसरली, तिनं दारू सोडायला सांगितलं. १९३० च्या दशकात तळोद्याकडे गुलाम महाराजांनी हजारो भिल्लांना दारूपासून तोडलं. ती माणसं खुळी नव्हती. पण त्यांनी कुणाविरुद्ध दंड थोपटले होते? दारू पाजून जमीन लिहून घेणाऱ्या मक्तेदार-सावकारांविरुद्धसुद्धा. घरची भट्टी बंद करून दुकानाची सवय लावली कुणी, हे त्यांना नेमकं कळत होतं. आजही पाड्यावरच्या बाईला विचारा, तिचा नवरा कशानं संपतो आहे : देवाला धार घालताना सणाला काढलेल्या मोहानं, की रोज संध्याकाळी परवानाधारक दुकानातून आणलेल्या देशी बाटलीनं आणि नवसागराच्या पाण्यानं? त्या देशी बाटलीतून सरकारला महसूल मिळतो, म्हणून तिच्याविरुद्ध दिवाणखान्यातून आवाज निघत नाही. आणि आरोग्याचंच म्हणाल तर अल्कोहोल यकृताला पासपोर्ट विचारत नाही. आयलाच्या दारूचं कौतुक करणाऱ्यानं रावेर तालुक्यातल्या पालच्या दारूविरुद्ध व्यसनमुक्तीचं भाषण देऊ नये, एवढी लाज तरी राखावी. दोन्ही सोडा, मी तुमच्यासोबत येईन. एकीला आरती आणि दुसरीला लाठी, हे चालणार नाही.

इतरांनी काय केलं बघा. गोव्यानं काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं, २०१६ मध्ये तिला राज्याचं वारसापेय ठरवलं. मध्य प्रदेशानं २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता द्यायची घोषणा केली. आज नर्मदेपल्याड अलीराजपुरात आदिवासी बचत गट ती गाळतो आणि "मोंड" नावानं विकतो. नदीच्या त्या काठाला वारसा, या काठाला गुन्हा. जात तीच, झाड तेच, फूल तेच. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये मोहफुलं साठवण्या-नेण्यावरची बंधनं उठवली, म्हणजे फूल वेचा आणि व्यापाऱ्याला विका, पुढचं बघू नका. २०२४ मध्ये डहाणूच्या एका डिस्टिलरीतली मोहाची दारू देखण्या बाटलीत बाजारात आली. म्हणजे कंपनीनं गाळली तर चालते. ज्या बाईनं तंत्र जपलं तिनं गाळली तर हातकडी.

इथं मात्र आयलाचा कित्ता गिरवू नका. लागावूलिन डियाजिओ कंपनीची, आर्डबेग फ्रेंच चैनीच्या वस्तूंच्या कंपनीची, लफ्रॉइग आणि बोमोर जपानी सनटोरीच्या छत्राखाली. बेटावर धूर राहिला, नफा बाहेर गेला. आपल्याकडे ते टाळायला नवा कायदा लागत नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचे किंवा त्यांचं नियमन करण्याचे अधिकार दिलेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी दिली. यावल, चोपडा, रावेर, साक्री, शिरपूर या तालुक्यांतली कितीतरी गावं या क्षेत्रात येतात. ज्या ग्रामसभेला दारू नको तिनं ती पाड्याच्या वेशीवर अडवावी. ज्या ग्रामसभेला हवी तिला, फक्त तिच्या बचत गटाला, मोजून-मापून, तपासणी करून गाळायचा परवाना द्यावा. दहा माणसांचा गट सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठोके पडताना बघेल, पालला पहाटे मोह वेचेल, बामणोदच्या वावरात भरीत खाईल, आणि हवा असेल त्याला बाईच्या हातचा मोजका घोट मिळेल, तिच्या नावाच्या चिठ्ठीसह, तिनं ठरवलेल्या भावानं.

जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. स्कॉचवरचं दीडशे टक्के आयात शुल्क आधी पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर यायचं ठरलं. आयलाच्या भट्टीसाठी दिल्लीनं इतकी वर्षं वाटाघाटी केल्या. पालच्या चुलीसाठी मुंबईनं अबकारी नियमातली दोन कलमं बदलायची आहेत. बदला. आणि तोवर ज्या डॉक्टरसाहेबांना, सराफांना, डीलरांना खान्देशात न्यायला जागा नाही म्हणून वाईट वाटतं, त्यांनी येत्या मार्गशीर्षात गाडी काढावी, जळगावहून दीडेक तासात बामणोद येतं. तिथं व्हिसा लागत नाही, बोट रद्द होत नाही. शेतकऱ्याला जेवणाचे पैसे मात्र बेटावर दिलेत तितक्याच खुशीनं द्या, घासाघीस न करता.